दुसरा नमस्कार

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वनिताच्या उंबऱ्यावर हे सुरू झालं. वेळ तिला पक्की आठवते. सव्वाआठला लेकीला मलम लावायचं असायचं, म्हणून तिचा एक डोळा घड्याळावरच होता.

“नको? भिक्षा मागायला आलात बुवा, आणि नको म्हणता?”

तिच्या हातात भरल्या वांग्यांचं पातेलं होतं. दारात टेकडीवरच्या मठातले म्हातारे बुवा. दर मंगळवारी ते या गल्लीत पाच घरं मागत. वनिताचं घर तिसरं. एरवी सासूबाई वाढायच्या. त्या गावाला गेल्या होत्या, म्हणून आज पहिल्यांदाच ती पुढे झाली होती.

“भाकरी दे, माई. वांगं राहू दे.”

भाकरी झोळीत पडली. बुवांनी त्या भाकरीला एकदा हात जोडले. मग पातेल्याकडे वळून दोनदा जोडले, आणि चांगले वाकून.

वनिताला ते लागलंच.

“माझ्या हातची वांगी अख्खी गल्ली मागून नेते.”

“नेत असेल. वास दुसऱ्या घरापासून येतोय.”

“मग?”

बुवांनी बाही वर सारली. कोपरापाशी कातडी जाड झालेली, भेगाळलेली, जुन्या डागांनी काळवंडलेली…

ही कातडी वनिता ओळखत होती. तिच्या चार वर्षांच्या रेवूच्या गुडघ्यांमागे हीच होती.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, इसब आहे. रोज काय खाल्लं ते महिनाभर वहीत लिहून आणायला लावलं, तपासलं, आणि शेवटी बोट ठेवलं शेंगदाण्यावर. तेव्हापासून वनिताने घरातला कूट बंद केला. वांग्यात तीळ-खोबरं घातलं. कढत पाण्याची अंघोळ सोडली, वासाचा साबण सोडला, आजोबांच्या धोतराचे मऊ झगे शिवले, नखं कापली, हातात मोजे घातले. बाई म्हणतील ते सगळं केलं.

पण हे सगळं घरात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की नर्मदाकाकू. शेजारच्याच. रेवू जन्मली तेव्हा चाळीस दिवस तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या. रोज रेवूच्या तोंडात दाण्याचा लाडू, आणि रोज वनिताच्या तोंडाला कुलूप. काल लाडू झाला होता. आज मोज्यांवर रक्ताचे ठिपके होते.

“गेलं नाही का हे, बुवा?”

“बावीस वर्षं सोबत आहे. मी नीट वागलो की तेही नीट वागतं.”

“काय करता?”

“दवाखान्याचं मलम लावतो. अंग कोरडं पडू देत नाही. आणि वांगं नाही खात.”

“आमच्या रेवूला दाणे.”

“ज्याचं त्याचं अंग.”



“पण माणसं मायेनं देतात, बुवा. नको कसं म्हणायचं? राग येतो त्यांना.”

“तुला आला?”

आला होता. मघाशी. आता शोधायला गेली तर सापडेना.

बुवा उंबऱ्याशी टेकले.

“मीही सगळं घ्यायचो, माई. जे पडेल ते गोड. मोठा विरागी समजायचो स्वतःला. अंगाची लक्तरं झाली, तेव्हा आमच्या गुरूंनी विचारलं… नको म्हणायला भितोस, त्याला वैराग्य म्हणतोस होय?”

“आणि ते दोन नमस्कार?”

“घेतलेल्याचं मी काहीतरी करतो. खातो, वाटतो. नको म्हटलेल्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे?”

ते उठले आणि चौथ्या घराकडे निघाले. त्यांच्या कफनीचं टोक धरून रेवूही निघाली. काकूंकडे दाणे भाजल्याचा वास सुटला होता.

वनिता पातेलं ठेवून मागे धावली. पोचली तेव्हा काकूंचा लाडवाचा हात पुढे आलेलाच होता.

“काकू…”

मग तिने हात जोडले. लाडवाला. एकदा, आणि पुन्हा एकदा, वाकून.

“काकू, दाण्यानं हिचं अंग फुटतं. लाडू नका देऊ.”

काकूंचं तोंड उतरलं.

“माझ्या हातचं बाधतं म्हणतेस?”

“तुमच्या हातांनीच वाढलीय ती. दाणे बाधतात.”

काकूंनी रेवूचा हात ओढून घेतला. मोजा काढला, पाहिला. त्यावर रक्ताचे ठिपके होते.

“गूळ-खोबरं चालतं का हिला?”

“चालतं.”

“मग इतके दिवस तोंडात काय धरून बसली होतीस, भवाने?”

बुवा दारात भाकरीची वाट पाहत उभे होते. हसत होते.

चार महिने गेले. इसब गेलं नाही. थंडीवाऱ्यात डोकं वर काढतं, मलम लावलं, जपलं की खाली बसतं. पण रेवू मोज्यांशिवाय खेळते, झोपही पुरती घेते. काकूंचा गूळ-खोबऱ्याचा डबा तिच्या नावाचा वेगळा असतो. वहीत वनिता अजून लिहिते.

एका मंगळवारी तिने मुद्दाम तीळ-खोबऱ्याची दोडक्याची भाजी केली. बुवांनी घेतली. एकदा हात जोडले.

मग तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“लेकरू वाचवलंत, बुवा. हे उपकार…”

बुवा मागे सरले. तिला दोनदा हात जोडले, चांगले वाकून.



झोळी खांद्यावर घेत बुवा म्हणाले,

“पाचव्या घरची सून लेकराला मोजे घालायला लागलीय, माई… तिला जाऊन सांग.”