वरून सुंदर दिसणारी बाग

डोंगराच्या पायथ्याशी एक शहर होतं, आणि त्या शहरातली माणसं कशालाही 'हरकत नाही' म्हणत. पाणी आलं नाही, हरकत नाही. रस्ता खचला, हरकत नाही. तिथली पोरं बोलायला लागली की आधी 'आई' म्हणत, मग 'बाबा', आणि मग लगेच 'हरकत नाही'.

आता कुणाला वाटेल, तिथं हरकत घ्यायला बंदी असेल. छे! उलट रीतसर सोय होती. नगरशेठ आणि त्याचे पांढऱ्या मिशांचे कारभारी काही नवं करायचं ठरलं की दवंडी पिटवत, "ज्याची हरकत असेल त्यानं चावडीवर यावं होऽऽ!" ऐकायला छानच. पण कुणी गेलंच, तर हरकत काय आहे हे कुणी विचारत नसे. गादीवरून नगरशेठ एवढंच म्हणायचा, "कुणाचा रे तू?" बाई असली तर, "कुणाची गं तू?" मग त्याच्या बापाला, किंवा तिच्या बापाला नाहीतर नवऱ्याला बोलावणं जायचं. तो हात जोडत यायचा आणि हरकत तिथंच मरायची. संध्याकाळी नगरशेठ पान लावत म्हणायचा, "आम्ही सगळ्यांना विचारूनच करतो."

शहर आणि डोंगर यांच्या मधे मोठा माळ होता. नुसतं गवत, आणि त्यात लोकांच्या पायांनी पडलेल्या वाटा. डोंगरात बिबट्या होता. ऊन उतरलं की तो कधीमधी झऱ्यावर पाण्याला यायचा. माळ उघडा, त्यामुळं लांबूनच दिसायचा. माणसं थांबायची, तोही थांबायचा. मग दोघांपैकी कुणीतरी वाट बदलायचं. बहुतेक वेळा तोच.

माळाच्या कडेला एक रंगारी राहायचा. त्याला दोन मुली. रंगवलेलं कापड ऊन उतरल्यावरच झऱ्यावर नेऊन धुवायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत, आणि ओलं कापड पिळायला दोघी लागतात. एकीनं टोक धरायचं, दुसरीनं पीळ घालायचा. म्हणून थोरली रोज धाकटीला घेऊन जायची. धाकटी एवढीशी होती, पण टोक घट्ट धरायची.

एकदा शेजारच्या शहरात बाग झाली, आणि ते नगरशेठला खुपलं. तो कारभाऱ्यांना घेऊन चावडीच्या मनोऱ्यावर चढला आणि माळाकडं हात करून म्हणाला, "इथून बघितलं की मोर दिसला पाहिजे. पिसारा फुलवलेला!"

"वा शेठजी!" कारभारी म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणताच येत नसे.

ठरलं. माळभर मेंदीची कुंपणं लावायची, माणसाच्या डोक्यावर जातील एवढी उंच. त्यांच्या मधून फिरायच्या वाटा, वळणावळणाच्या, प्रत्येक पिसासाठी एक. लोकांच्या जुन्या सरळ वाटा बुजवायच्या, कारण त्या मोराच्या पोटातून आडव्या जात होत्या. दवंडी झाली. शहर म्हणालं, हरकत नाही.

थोरलीला मात्र ते पटेना. रात्री जेवताना ती म्हणाली, "आबा, एवढी उंच कुंपणं झाली तर तो दिसणार कसा?"

"मोठ्या माणसांनी ठरवलंय. विचार केला असेल त्यांनी."

"त्यातला एक तरी झऱ्यावर जातो का?"

"जेव."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना."

"बिबट्याची?"

रंगाऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "चावडीची," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच चावडीवर गेली. तिनं तोंड उघडायच्या आत प्रश्न आलाच, "कुणाची गं तू?" बोलावणं गेलं. रंगारी धावत आला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते, तेच जोडून तो म्हणाला, "पोर आहे शेठजी, चुकली. आमची काही हरकत नाही."

"तुझी लेक धीट आहे हो," नगरशेठ हसून म्हणाला. "लग्नाचं बघ आता." कारभारीही हसले.

परतताना बाप मान खाली घालून पुढं चालला होता आणि ती त्याच्या पाठीकडं बघत होती. बापाची एवढी लाज वाटावी आणि एवढी कीवही, हे तिला नवीन होतं.

मेंदी वाढली. एका पावसाळ्यात कमरेला आली, पुढच्यात डोक्यावर गेली. मनोऱ्यावरून खरंच मोर दिसू लागला. गावोगावचे पाहुणे वर चढून 'वा वा' करून जायचे.

खाली काय होतं? खाली दोन हिरव्या भिंती, मधे बोळ आणि वर पट्टीएवढं आभाळ. पुढचं वळण येईपर्यंत वळणापलीकडं काय आहे ते कळत नसे. वारा नसताना पानं हलली की माणसं जागच्या जागी गोठत. आधी कुंभाराचं कुत्रं गेलं. मग एक शेळी गेली. मग एका सकाळी फुलवालीला ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला, आणि तो तिच्याच पावलांवर पडलेला होता. म्हणजे आदल्या संध्याकाळी तो तिच्या मागून चालत आला होता. तिनं पायानं तो पुसून टाकला आणि कुणाला सांगितलं नाही.

बिबट्यानं तरी काय करावं? पाणी तिथंच होतं. त्यालाही वाट सापडत नव्हती.

लोक घोळक्यानं जाऊ लागले. आवाजानं जनावर लांब जातं म्हणून मोठमोठ्यानं गाऊ लागले. डोळे वळणावर, आणि तोंडानं गाणी. तो आवाज मनोऱ्यावर गेला की नगरशेठ कारभाऱ्यांना म्हणायचा, "ऐकलंत? लोक किती आनंदात आहेत!"

घोळक्याबरोबर जाणं थोरलीला नेहमी जमत नसे. कापड भट्टीतून निघेल तेव्हा निघेल. म्हणून त्या दोघींनी युक्ती काढली होती. धुतलेलं लांब कापड दोघींच्या मधे ताणून धरायचं, पुढं धाकटी, मागं थोरली. वळणावर धाकटी दिसेनाशी झाली तरी कापड ताणलेलं असायचं. कापड ताणलेलं आहे म्हणजे ती आहे.

त्या संध्याकाळी त्या परत येत होत्या. धाकटी गाणं म्हणत वळणापलीकडं गेली. गाणं मधेच थांबलं.

मग कापड सैल पडलं.

थोरलीनं ओढलं. ते मातीतून घसटत सहज आलं. टोकाला कुणी नव्हतं.

ती वळणाकडं धावली. पुढं वाट दोन्हीकडं फुटली होती, आणि दोन्हीकडं कुणी नव्हतं.

"ताई," भिंतीपलीकडून फार हळू आवाज आला. "तो बसलाय."

"कुठं?"

"माझ्यासमोर. माझ्या मागं वाटच नाही."

"पळू नकोस. पाठ करू नकोस. मी आले." पण येणार कुठून? उजवीकडची वाट आवाजाच्या दिशेनं निघून लगेच लांब वळत होती, आणि डावीकडची तर उलटीच चालली होती.

तेवढ्यात वरून ओरडा झाला. मनोऱ्यावर नगरशेठ, कारभारी आणि पाहुणे मोर बघत उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं. पोरगी दिसत होती, बिबट्या दिसत होता, थोरलीही दिसत होती.

"सांगा!" ती आभाळाकडं तोंड करून किंचाळली. "कुठून जाऊ ते सांगा!"

"पाचव्या पिसावर आहे!" नगरशेठ ओरडला. "डोळ्याच्या आतल्या अंगाला!"

"पाचवं पीस कुठलं?"

"चोचीकडून मोज, चोचीकडून!"

"चोच कुठाय?"

"चोचीकडून नाही शेठजी, शेपटीकडून पाचवं," एक कारभारी म्हणाला. दुसरा म्हणाला, "हे मधलं धरून की सोडून?" आणि जिथं खाली एक पोर बिबट्याच्या डोळ्यात बघत उभी होती, तिथं वर वाद सुरू झाला.

थोरलीला तेव्हा कळलं. त्यांना सगळं दिसतंय, आणि त्यातलं एक अक्षर आपल्या कामाचं नाही.

तिनं सरळ आवाजाच्या दिशेनं कुंपणात हात घातले. जून मेंदीला काटे असतात. फांद्या मोडत, पाला ओरबाडत ती आत घुसली. हात रक्तानं भरले. "बोलत राहा!" ती धाकटीला ओरडत होती. "काहीही बोल!"

"काय बोलू?"

"काहीही!"

"ताई ताई ताई ताई," धाकटी म्हणत राहिली.

ते ऐकून माळाच्या कडेला रंगाऱ्याच्या हातातली काठी रंगात पडली. त्यानं भिंतीवरचा कोयता घेतला आणि वाटेकडं न जाता समोरच्या कुंपणावर सरळ घाव घातला. त्याच्या मागं कुंभार आला, फुलवाली आली. चारी बाजूंनी फांद्या मोडायचा आवाज येऊ लागला. बिबट्या उठला. दोन्ही अंगांना भिंती, पुढं पोर, सगळीकडून आवाज. कोंडलेलं जनावर फार वेळ विचार करत नाही. थोरली शेवटच्या फांद्या सारून आत पडली आणि त्याच क्षणी त्यानं झेप घेतली. धाकटीच्या खांद्यावर पंजा मारून तो तिच्या वरून गेला. समोर रंगाऱ्यानं पाडलेलं भगदाड होतं, त्यात उजेड होता. तो रंगाऱ्याच्या अंगाला घासून बाहेर पडला आणि डोंगराकडं पळाला.

धाकटी वाचली. खांदा फाटला होता. ती रडत नव्हती, तेच 'ताई ताई' चालू होतं, आणि ते रात्रभर थांबलं नाही.

सकाळी सगळं शहर चावडीवर होतं. नगरशेठनं पहिलं काय विचारलं असेल? पोर कशी आहे? नाही.

"कुंपण कुणी तोडलं?"

"मी," थोरली म्हणाली.

सवयीनं प्रश्न आला, "कुणाची गं तू?"

"माझी!" रंगारी पुढं झाला. आज त्यानं हात जोडले नव्हते. "कुंपण मीही तोडलंय. आणि माझी हरकत आहे. तेव्हाही होती."

"माझीही होती," कुंभार म्हणाला.

"माझीपण," फुलवाली म्हणाली. "मी तर पंजा बघितला होता." मग एकेक करत सगळीकडून आवाज येऊ लागले, होती, होती, माझीही होती.

थोरली त्यांच्याकडं वळली. "सगळ्यांची होती? मग मी इथं एकटी उभी होते तेव्हा कुठं होतात?"

लोक खाली बघू लागले. रंगारीसुद्धा.

नगरशेठनं घसा खाकरला. "बरं, बरं. पुन्हा दवंडी देऊ. पुन्हा हरकती मागवू."

"दवंडी नको," थोरली म्हणाली. "तुम्ही खाली या. आज ऊन उतरल्यावर झऱ्यापर्यंत एकटे चालून दाखवा. आम्ही मनोऱ्यावर उभं राहून वाट सांगतो."

लोक हसले. हे हसू आनंदाचं नव्हतं. पाहुण्यांच्या देखत नगरशेठला नाही म्हणता येईना. संध्याकाळी तो बागेत शिरला. पहिल्या वळणापर्यंत छाती काढून चालला. दुसऱ्या वळणानंतर तो वळून वळून मागं बघू लागला. पानं हलली. "कोण आहे?" तो ओरडला. वरून कुंभारानं हाक मारली, "काही नाही शेठजी, मधलं पीस सोडून पुढं या!"

"मधलं कुठलं रेऽऽ?"

त्याचा आवाज चिरकला, आणि मग वरचंही कुणी हसेना. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. फुलवालीच खाली उतरली आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. पगडी कुठंतरी मेंदीत अडकून राहिली होती. ओठ पांढरे पडले होते. बऱ्याच वेळानं श्वास बसला तेव्हा तो थोरलीला म्हणाला, "पोरी, तुम्हाला कुठून चालायचंय?"

एवढा एक प्रश्न. तो विचारायला इतकी वर्षं लागली.

मग आधी मेंदी गुडघ्याएवढी छाटली. कुंभारानं बुडाला भोक पाडलेली मडकी दिली. त्यात चुन्याची फक्की भरली आणि सगळ्यांना सांगितलं, मडकं हातात धरून, बाग नव्हती तेव्हा जसे जात होता तसे चाला. कोण झऱ्याकडं गेलं, कोण देवळाकडं, कोण नुसतं गप्पा मारत भटकलं. माळावर पांढऱ्या रेघा उमटल्या. त्याच वाटा झाल्या. मेंदी गुडघ्याएवढी छाटली. बसायला कट्टे कुठं हवेत ते म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, आणि ते बरोबर निघाले. वर एक कारभारी मात्र हळहळत राहिला, "मोर गेला हो."

धाकटीचा खांदा भरून यायला बराच काळ गेला. पुन्हा पहिल्यांदा झऱ्यावर निघाल्या तेव्हा ती माळाच्या कडेला थांबली. पाऊल उचलेना.

"ताई, तो येईल?"

"येईल."

"मग?"

"मग दिसेल," थोरली म्हणाली आणि तिनं कापडाचं टोक तिच्या हातात दिलं.

तात्पर्य, आणि हे मोठ्या माणसांनी आधी वाचावं: वाट आखायच्या आधी त्या वाटेनं चालणाऱ्यांना विचारावं, आणि विचारायचं तर असं विचारावं की उत्तर द्यायला कुणाला भीती वाटणार नाही.