निर्दोष घोडा

एका राज्यात राजा सुकेतूच्या पागेत शंभर घोडे होते, आणि त्या वर्षी त्यांतला एकही धड उरला नव्हता. काळ्या मेघडंबराची मान एका सकाळी खाली गेली, ती पुन्हा वर झाली नाही. मयूरा घोडीचे खांदे आखडले. वज्रांगाच्या मागच्या पायांतले बळ सरले. जखम नाही, सूज नाही, ताप नाही. वैद्य आले आणि हात हलवीत परत गेले.

पागेची पारखी होती अंबुजा. बाप गोमाजी वारल्यावर हा मान तिच्याकडे आला होता. रोज ती प्रत्येक घोड्याच्या अंगावरून हात फिरवी आणि काहीच न कळल्याने खाली मान घालून घरी जाई.

त्यातच त्रिदिनाची वेळ आली. दर सहा वर्षांनी शेजारच्या राज्याचा एक घोडा आणि आपला एक, असे समोरासमोर येत. पहिल्या दिवशी पाठीवर पाण्याचा कलश घेऊन थेंबही न सांडता चालायचे. दुसऱ्या दिवशी रान, नदी, खंदक ओलांडीत बारा कोस धावायचे. तिसऱ्या दिवशी त्याच थकल्या अंगाने सात भिंतींवरून उड्या घ्यायच्या. तिन्ही दिवस मिळून सरस ठरेल त्याच्याकडे हिरव्या खोऱ्यातली नऊ गावे सहा वर्षे राहत. खोऱ्याच्या माणसांना शेजारचा राजा नको होता. तो गावातली विहीरही कुलूप लावून ठेवी.

पंधरा दिवस उरले असताना त्रिशंख नावाचा सौदागर चांदण्याच्या रंगाचा घोडा घेऊन दरबारात आला.

"मोल काय?" राजाने विचारले.

"पागेतली ती लंगडी घोडी, कस्तुरी. दुसरे काही नको. मात्र तुमच्या पारखीने भर दरबारात याला निर्दोष म्हटले पाहिजे."

राजाला हसू फुटले. अंबुजाला मात्र चमकल्यासारखे झाले. ज्या घोडीवर कोणी बसू शकत नाही, ती याला कशाला हवी?

"महाराज, मी याला तीनदा पाहीन," ती म्हणाली. "उभा, चालता आणि दमलेला."

पहिल्या दिवशी तिने घोडा सपाट फरशीवर उभा केला. समोरून पाहिला, बाजूने पाहिला, मागून पाहिला. छातीपासून ओळंबा सोडला, तो दोन्ही पायांच्या बरोबर मधोमध उतरला. खांद्याचा उतार हवा तसा, पाठ आखूड, पुठ्ठे भरलेले, गुडघे रुंद, चारही खूर सारखे. गोमाजीने तिला शिकवले होते की आधी दोष शोधावा. तो प्रत्येक घोड्यात असतोच. पाहायचे एवढेच, की तो कामाच्या आड येतो का. आणि इथे दोषच नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. असा घोडा कुठल्या आईच्या पोटी जन्मला असेल?

तिने आयाळीखाली हात घातला आणि बोटे जागीच थांबली. कातडीखाली जवाच्या दाण्याएवढी गाठ होती. ही गाठ ती आठ वर्षे ओळखत होती. ती मेघडंबराच्या मानेची होती. भास झाला असेल, असे स्वतःला बजावून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने घोडा दुडकीवर फिरवायला लावला आणि डोळे मिटून टापा ऐकल्या. मागचा उजवा पाय केसभर उशिरा टेकत होता. वज्रांगाचा टेकत असे तसाच.

ती धावत मेघडंबराकडे गेली. त्याच्या पाठीवर साळुंकी बसली होती. त्या राज्यातल्या साळुंक्या बोलत, पण विचारल्याशिवाय नाही.

"तू रोज इथे बसतेस. काय पाहिलेस?"

"त्रिशंख रात्री येतो, हात ठेवतो आणि हवे ते उचलून नेतो," साळुंकी म्हणाली. "तू निर्दोष म्हटलेस की सगळे त्याचे झाले, कायमचे."

"परत कसे मिळेल?"

"ज्याचे अंग, त्याचे नाव. हात ठेव आणि नाव घे. एक जरी चुकलीस, तर एकही परत येणार नाही."

तिसऱ्या दिवशी घोडा चौखूर उधळून आणला गेला. दरबार भरला होता. अंबुजाने त्याच्या बरगड्यांना कान लावला. आत काहीच वाजत नव्हते.

या घोड्याला काळीज नव्हते. मागच्या त्रिदिनात कस्तुरी पाय मोडलेला असताना पुरातून पोहली होती आणि गोमाजीला काठावर घेऊन आली होती. त्रिशंखाला कस्तुरीचे ते काळीज हवे होते, हे आता अंबुजाला उमगले.

"निर्दोष म्हण," राजा म्हणाला. "थोडेच दिवस उरले आहेत."

"महाराज, हा घोडा नाही. ही चोरी आहे."

त्रिशंख पुढे सरला, पण तोवर तिचा हात मानेवर पडला होता. "मेघडंबर," ती म्हणाली. चांदण्याच्या रंगाची मान वितळून आखूड झाली, आणि पागेतून खिंकाळी आली. "मयूरा." खांदे गेले. "वज्रांग." मागचे पाय गेले. एकेक अंगावर हात ठेवत, एकेक नाव घेत ती पुढे सरकली.

उरली पाठ. तिने हात फिरवला आणि ती हादरली. ही पाठ तिने कधीच पाहिली नव्हती. तिच्या पागेतली नव्हती ती. कोणाचे नाव घ्यावे?

"चुकणार," त्रिशंख हळूच म्हणाला.

तिने दोन बोटांनी कण्याच्या कडेला दाबले. जनावराचे अंग थरारले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला दुखले होते. उसने अंग दुखत नाही, दुखते ते आपले.

"ही तुझी," ती त्याच्या कानात म्हणाली. "तुझी तुलाच."

समोर एक लहानसे मातकट तट्टू उभे राहिले. गुडघे आत वळलेले, डोके मोठे, पाठीवर जुने वळ. त्याच्या बरगड्यांत आता त्याचेच काळीज धडधडत होते. त्रिशंखाच्या हातांची बोटे एकमेकांना जुळली आणि त्यांचे खूर झाले. तो चार पायांवर दरबारातून निघून गेला. कोणी त्याला अडवले नाही.

राजा सिंहासनावरून उतरून पागेत गेला. शंभर माना वर झालेल्या त्याने पाहिल्या.

"त्रिदिनाला कोण जाईल, अंबुजा?"

"मयूरा. पुढचा डावा खूर थोडा आत वळतो, पाण्याला बिचकते, लवकर घामाघूम होते. पण पडली तरी उठते."

"एवढे दोष?"

"महाराज, हे मला माहीत असलेले."

मयूरेने कलशातले चार थेंब सांडले, नदीपाशी दोनदा थांबली आणि तिसऱ्या दिवशी सातवी भिंत ओलांडून गेली. शेजारचा घोडा पाचव्या भिंतीपाशी अडून राहिला. खोऱ्यातल्या विहिरी उघड्या राहिल्या. नऊ गावांची माणसे मयूरेला पाहायला आली, तेव्हा त्यांच्या पोरींनी त्या मातकट तट्टूला आधी गवत दिले. ते हळूहळू चावून खाऊ लागले.