रोझाचा ब्रेक

मोटारी एकमेकींशी बोलत त्या काळी युरोपातल्या एका डोंगराळ गावात ऑस्टरबेर्ग नावाचा मोटारींचा कारखाना होता. "ऑस्टरबेर्गची गाडी कधी बिघडत नाही," असं लोक छातीठोकपणे सांगत.

त्याच कारखान्यात रोझा नावाची लाल मोटार नुकतीच तयार झाली होती. सकाळी मातियास मिस्त्री तिला चाचणीसाठी घाटात नेणार होता. पण रोझाचा ब्रेक नीट लागत नव्हता. हे कुणाला कळलं तर घराण्याचं नाव जाईल, या धास्तीने ती गप्प बसली.

फाटकाजवळ कारखान्याची सगळ्यात पहिली मोटार उभी असे. तिला सगळ्या थोरली म्हणत. रोझाचा उतरलेला चेहरा बघून तिने विचारलं, "काय गं, कशाची काळजी?"

रोझाने सगळं सांगून टाकलं.

थोरली हसली. "अगं, मी तर पहिल्याच दिवशी भर चौकात बंद पडले! गाव पोट धरून हसलं. मालकांनी मला घोडे जुंपून परत आणलं, चूक शोधली, आणि मगच दुसरी गाडी करायला घेतली. आपलं नाव झालं ते त्यानंतर."

रोझाच्या जिवात जीव आला. सकाळी मातियासने तिला बाहेर काढताना फाटकाशी ब्रेक दाबताच ती जिवाच्या आकांताने किंचाळली. तो खाली वाकला. ब्रेकची नळी गळत होती.

"बरं झालं ओरडलीस, पोरी," कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला. "घाटात दोघंही दरीत गेलो असतो."

नवी नळी बसली. दुपारी घाटातल्या पहिल्याच अवघड वळणावर मातियासने ब्रेक दाबला, आणि रोझा अलगद थांबली.