राजवैद्याची पोटदुखी

पूर्वी शंखवती नगरीत दृढसेन राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आला होता. त्याच्याकडे औषधे थोडी आणि प्रश्न फार. काय खाता, झोपता कधी, दिवसभर बसून असता की उभे, हे विचारल्याशिवाय तो कोणाला काही सांगत नसे. मग ज्याला जेवढे झेपेल तेवढेच सांगे. लोकांना ते जमे, म्हणून लोक बरे होत, आणि त्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे.

हे पाहून राजवैद्य कालसेनाच्या पोटात दुखू लागले. विद्या, मान, राजाश्रय, कशाचीच त्याला कमी नव्हती. पण ती भरलेली ओसरी दिसली की घशाखाली घास उतरेना. मत्सर मोठा चिवट. बिचारा ओव्याचे पाणी पिऊन पाहत होता. ओव्याने कुठे हे दुखणे जाते?

एके दिवशी तो तोंड झाकून त्या गर्दीत शिरला. नंदक नावाचा लठ्ठ तेली धाप लागते म्हणून आला होता. कालसेन मागे उभा असल्याने त्याला प्रश्नोत्तरे ऐकू आली नाहीत, शेवटचे तेवढे कानी पडले : "सकाळ-संध्याकाळ नदीपर्यंत चालत जा." हात्तिच्या, एवढेच होय, असे मनाशी म्हणत तो परतला.

सेनापती वीरबाहूही लठ्ठ होता, त्यालाही धाप लागे. कालसेनाने त्याला तोच उपाय सांगितला. पण वीरबाहूच्या गुडघ्याला पूर्वी भाला लागला होता. चालून चालून गुडघा टम्म सुजला आणि सेनापतीने अंथरूण धरले. राजा संतापला. कालसेनाला हद्दपार करायचे ठरवून त्याने बोधिसत्त्वाला बोलावले.

बोधिसत्त्व सेनापतीजवळ बसला. गुडघ्याची आणि रोजच्या लाडवांची हकीकत ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "लहानपणी कशात रमायचात?"

"पोहण्यात."

"मग सूज उतरली की रोज छातीभर पाण्यात चाला. पाणी तुमचा भार उचलील. आणि लाडू सुटत नसेल तर अर्धा खा."

पुढे सेनापती हिंडूफिरू लागला. राजा बोधिसत्त्वाला म्हणाला, "आजपासून राजवैद्य तू."

"महाराज, वनस्पतींची जेवढी जाण कालसेनांना आहे तेवढी मला नाही. ते गेले तर रोग्यांचेच हाल होतील. त्यांचे पद त्यांच्याकडेच असू द्या."

राजाने ते मानले. कालसेनाला मात्र हद्दपारी परवडली असती. तो तरातरा बोधिसत्त्वाच्या घरी आला. "माझ्यावर उपकार करून मिरवायचे आहे का तुला?"

बोधिसत्त्वाने त्याचे खोल गेलेले डोळे पाहिले. "आचार्य, पोटभर जेवून किती दिवस झाले?"

वैद्याला हे कधी कोणी विचारले नव्हते. "तुझे नाव झाल्यापासून नाही रे," कालसेन म्हणाला आणि त्याला रडू फुटले.

"मग तुम्हाला पथ्य एकच. एकट्याने जेवायचे नाही. आज आमच्या पंगतीला बसा."

कालसेन बसला. पहिला घास जड गेला, दुसरा उतरला, आणि मग त्याने वरण मागून घेतले.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्याची स्तुती ऐकून काल ज्याने अन्न टाकले तो हा सुदंत तेव्हा कालसेन होता. काल ज्याची स्तुती झाली तो धर्मरक्षित तेव्हा सेनापती होता, आणि तो वैद्य मीच." आपल्यावर जळणाऱ्याचेही दुखणे आधी पाहावे, याचे नाव करुणा.