पासबुकावरचे पहिले नाव

सन १९७८, वैशाख महिना. लग्नसराई संपत आली होती. आटपाडीत माझा आणि मुरलीधर जावीरचा बँड होता. तो कॉर्नेट वाजवी, मी ढोल. भागी निम्मी-निम्मी. सुपारीचे पैसे बँकेत दोघांच्या नावाच्या खात्यात जमा होत आणि काढायला दोघांच्या सह्या लागत.

माझा ढोल दस्तगीर मिस्त्रींकडून उधारीवर आणला होता. पौर्णिमेपर्यंत पैसे दिले नाहीत, तर ते ढोल परत नेणार होते. मी माझी निम्मी रक्कम काढायला बँकेत गेलो. माझी बायको गोजरा सोबत होती. मुरलीधर आला, पण सही करीना.

"पासबुकावर पहिलं नाव माझं हाय. म्हंजे मालक मी. तुला चार आणे भाग देतो, घे आन् गप बस."

मॅनेजर म्हणाले, "मास्तर, नाव आधी लिहिलं म्हणून पैसा एकट्याचा होत नाही."

"साहेब, पुढं आसतो त्योच मोठा. वरातीत बघा, समद्यांच्या पुढं मीच आसतो."

गोजराने पदर सावरला. "खरंय भावजी. वरातीत तुमीच पुढं आसता. मग नवरी तुमच्या घरी येती का?"

कॅशियर आधी हसला, मग सगळी बँक. मुरलीधर लाल झाला, पण हसू त्यालाही आवरेना. मिशीवर हात फिरवत त्याने निम्म्या रकमेवर सही केली.

त्याच दुपारी दस्तगीर मिस्त्रींचे पैसे फेडले.