याकूब सारंगाचा नीरफणस

या मंडळी, गडग्याला टेकून बसा. जांभ्याच्या या गडग्याआड टेकाडाच्या टोकावर उभा आहे तो नीरफणस. कोकणात हे झाड नवलाचं नाही, पुष्कळांच्या परसात असतं. पण खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर ते कुणी लावत नाही. आमच्या जांभुळबंदरात मात्र ते इथंच लावलं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजावरून ते दिसावं, असा लावणाऱ्याचा हट्ट होता म्हणे.

तो लावणारा म्हणजे याकूब होडेकर. दुसऱ्या महायुद्धात तो एका मालवाहू जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य. त्यांचं जहाज पॅसिफिक महासागरातल्या दोस्त राष्ट्रांच्या आरमाराला तेल पुरवायचं. तिथं तिमारो नावाचं एक बेट होतं. बांगडीसारखं गोल, मधे शांत पाणी. लढाईआधी त्या पाण्यात होड्यांखेरीज काही नव्हतं. मग आरमार आलं आणि बघता बघता तिथं शहर तरंगू लागलं. विमानं वाहणारी जहाजं, दुरुस्तीची जहाजं, पिठाच्या गिरण्या असलेली जहाजं. एक तर तरंगती गोदी होती. आई पोराला न्हाऊ घालायला उचलते, तशी ती अख्खी युद्धनौका पाण्याबाहेर उचलून धरायची. याकूब शेवटपर्यंत तिचं कौतुक सांगायचा, असं म्हणतात. माणसानं असं काही बांधावं याचं त्याला फार अप्रूप होतं.

त्याच बेटाजवळ पाणसुरुंगानं त्याचं जहाज फुटलं. पेटत्या तेलातून वाट काढत याकूबनं आपल्या उरलेल्या खलाशांना होडीत घेतलं आणि तिमारोच्या मागच्या किनाऱ्याला लावलं. तिथं लारेनी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना आपल्या घरी नेलं. भाजलेल्यांच्या अंगाला खोबरेल लावलं. तिच्या झाडांचे नीरफणस निखाऱ्यावर भाजून तिनं सगळ्यांना आपल्या हातांनी भरवले. याकूबचे हात भाजले होते, तेव्हा ते कामाचे नव्हते.

खलाशी बरे होत आले आणि आरमाराचा हुकूम आला. धावपट्टी लांबवायची, झाडं तोडायची. बेटावरची सगळी नीरफणसाची राई त्या पट्ट्यात होती. हुकूम घेऊन आलेला अधिकारी भला माणूस होता. टोपी काढून उभा राहिला, पण हुकूम हुकूमच. लारेनी रडली नाही. मिशनऱ्यांकडून शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत ती याकूबला म्हणाली,

"या झाडाला बी नसतं. मुळावर फुटलेलं रोपच लावावं लागतं. एक घेऊन जा."

"मावशी, माझा मुलूख फार लांब आहे."

"म्हणूनच ने. तिथं लढाई पोचणार नाही."

याकूबनं रोप बिस्किटाच्या डब्यात लावून घेतलं आणि शब्द दिला, "हे जगलं तर याचं पोर तुमच्या दारात परत येईल. तोवर मी याचं फळ तोंडात घालणार नाही."

परतीच्या जहाजावर गोडं पाणी मापून मिळायचं. याकूब आपल्या वाट्यातलं अर्धं डब्यात ओतायचा. कप्तानानं एकदा त्याला हटकलं.

"सारंग, पाणी माणसांसाठी आहे."

"माझ्याच वाट्याचं आहे, साहेब. मी थोडं कमी पितो."

मुंबईला उतरला तेव्हा त्याचे ओठ फुटून रक्त येत होतं, आणि डब्यात दोन नवी पानं होती, असं सांगतात.

झाड इथं रुजलं, फळलं. पण लढाई संपली, आरमार निघून गेलं आणि तिमारोकडे जाणारी जहाजंच राहिली नाहीत. पूर्वेला निघालेल्या प्रत्येक खलाशाच्या हाती याकूब एक रोप द्यायचा. काही वाटेत वाळली, काही बंदरावर अडवली गेली. गाव फळं खायचा आणि याकूब नुसता बघायचा. असं करता करता त्याची दाढी पांढरी झाली.

शेवटी खारवीवाड्यातला सोमा पालशेतकर सुकं खोबरं भरणाऱ्या एका बोटीवर लागला आणि खरोखरच तिमारोला पोचला. तरंगतं शहर गेलं होतं. गंजलेली गोदी एका कुशीवर पडली होती. लारेनी कधीच गेली होती, पण तिची मुलगी होती. सोमानं याकूबचं नाव सांगताच ती त्यानं आणलेलं रोप घेऊन धावपट्टीवर गेली. म्हणाली, आमची राई इथंच होती. तिथल्याच एका भेगेत तिनं ते लावलं.

सोमा परतला तो थेट याकूबच्या दारात. सारा गाव गोळा झाला. याकूबच्या सुनेनं नीरफणसाची कापं तळून ताट पुढं केलं. म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांनी पहिला घास घेतला. डोळे भरून आले. लोक विचारू लागले, "कसं लागतंय, चाचा?"

तो जरा वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "तळलात कशाला? मावशीनं भाजून दिला होता."

म्हणून आमच्याकडं आजही वर्षाचा पहिला नीरफणस कुणी तळत नाही. इथं झाडाखाली निखारे करतात, सगळ्या वाड्यांची माणसं बसतात, आणि पहिला घास कुणीच आपल्या हातानं खात नाही. तो शेजारी बसलेल्यानं भरवायचा असतो.