वानराची खिडकी

नदीकाठच्या जंगलात, एका बोरीखाली, तीन पिल्लांची आई असलेली एक सशीण राहत असे. त्या उन्हाळ्यात पाणवठा एकच उरला आणि त्याची राखण कुणी करायची हे ठरवायची वेळ आली. उभे होते दोघे, तरस आणि गवा. राखणदार चुकीचा निवडला तर आधी आपलीच पिल्लं जाणार, हे सशिणीला पक्कं ठाऊक होतं.

मुलांनो, जमलेले प्राणी आणि हे दोघे यांच्या मधे होती करवंदीची दाट जाळी. वानराने वरून फांद्या बाजूला करून तीत एक खिडकी पाडली. "कशाला काट्यांत शिरता बायांनो? इथूनच बघा." तरसाला त्याने सकाळच्या कोवळ्या उन्हात उंच खडकावर बसवलं. खिडकीतून दिसे नुसता चेहरा, सोनेरी आणि हसरा. "तुमची पिल्लं ती माझी पिल्लं, सशीणबाई!" तरस म्हणे. गव्याला मात्र भर दुपारी, खालच्या खड्ड्यात उभं केलं. डोळे किलकिले, नाकावर माश्या. बोलताना तो जरा थांबला की वानर फांदी वळवून जांभया देणारं साळिंदर दाखवी.

"काय बाई रटाळ!" खार म्हणाली. सशिणीलाही तसंच वाटलं. आपलं मत तरसालाच, असं ती म्हणणार, तेवढ्यात तिचं धाकटं पिल्लू जाळीखालून पलीकडे पळालं. काटे ओरबाडून घेत ती मागे धावली आणि तिला अख्खा गवा दिसला. त्याच्या पोटाखाली हरणाचं नवं जन्मलेलं पाडस झोपलं होतं. ऊन सरकलं की तो बोलणं थांबवी, सावकाश सरके, पुन्हा सावली धरी. तिचं पिल्लूही तिथेच जाऊन बिलगलं होतं. "हळू बोल गं माय, आत्ताच डोळा लागलाय," गवा पुटपुटला. आणि तरसाच्या खडकामागे तित्तराची पिसं पडली होती, अजून रक्ताने ओली.

सशीण माघारी आली ती तापलेलीच. वानर म्हणाला, "मी खोटं काय दाखवलं?"

"खोटं नाही, तुला हवं तेवढंच दाखवलंस! तुझं काय जातंय? तुझी पिल्लं झाडावर असतात." मग ती साऱ्यांकडे वळली. "उठा गं! पलीकडे चला आणि दोघांनाही अख्खं बघा."

काटे सगळ्यांनाच लागले. पण त्या संध्याकाळी सशिणीची तिन्ही पिल्लं राखणदार झालेल्या गव्याच्या पायांमधे उभी राहून पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : दुसऱ्याने धरलेल्या खिडकीतून राखणदार निवडू नये; काटे लागले तरी पलीकडे जाऊन त्याला अख्खा बघावा.